पृथ्वी : कच्चं अंडं की उकडलेलं?



आज सुरुवातीलाच एक कबुली देते. बाईसुद्धा चुकतात! आणि बाई चुकल्या, तर काय गोंधळ होतो, त्याचीच ही गोष्ट.

चौथीच्या वर्गावर मी पृथ्वीचे थर शिकवत होते. फळ्यावर मोठ्ठा गोल काढला. बाहेरची बारीक रेघ पांढऱ्या खडूने काढली. ते पृथ्वीचं कवच. आतला सगळा भाग लाल आणि पिवळ्या खडूने झकास रंगवला. मग टेबलावर एक अंडं ठेवलं आणि म्हटलं, "हे बघा, पृथ्वी अशीच आहे. वर पातळ टरफल आणि आत सगळा उकळता रस!"

मुलं खूश, मीही खूश. तास संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक आई शाळेच्या दारात उभी. "बाई, तुमी पोरीले काय सांगतलं जी? थे आपल्या बाबाले कामावर जाऊच देत नाही! गमबूट नेऊन धानाच्या ढोलीमागं लपवून ठेवले."

मुलीचे बाबा खाणीत काम करतात. जमिनीखालच्या खाणीत. मी मुलीला जवळ बोलावलं. ती आधी काहीच बोलेना. मग हळूच म्हणाली, "बाई, खोदता खोदता टरफल फुटलं त?"

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्याच चित्राची लाज वाटली. लाल खडूचा रंग मी शोभेसाठी दिला होता. पण ज्या घरातलं माणूस रोज खाली उतरतं, त्या घरात तो रंग भीती घेऊन गेला. आणि खरं सांगू का? मी सांगितलं होतं ते बरोबरही नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी पुस्तकं काढली, नीट वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच धडा पुन्हा शिकवला. तोच आज तुम्हालाही सांगते.

चौसष्ट सेंटिमीटरची दोरी

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अगदी मध्यापर्यंत किती अंतर आहे? ६३७१ किलोमीटर. नागपूरहून मुंबईला रेल्वेने जायला सुमारे ८४० किलोमीटर पडतात. म्हणजे तो प्रवास साडेसात वेळा करावा, पण सरळ खाली!

एवढं मोठं अंतर डोक्यात मावत नाही. म्हणून आम्ही वर्गात एक ६४ सेंटिमीटरची दोरी घेतली. दोरीवरचा १ सेंटिमीटर म्हणजे खरे १०० किलोमीटर, आणि १ मिलिमीटर म्हणजे १० किलोमीटर. दोरीचं वरचं टोक म्हणजे आपलं अंगण, खालचं टोक म्हणजे पृथ्वीचा मध्य.

आता वरून मोजत चला.

पहिला थर कवचाचा. हे कवच सगळीकडे सारखं जाड नाही. समुद्राच्या तळाखाली ते जेमतेम ५ ते १० किलोमीटर असतं. जमिनीखाली साधारण ३० ते ५० किलोमीटर, आणि हिमालय-तिबेटच्या बाजूला तर ७० किलोमीटरपर्यंत. आपल्या मध्य भारतात ते ४० किलोमीटरच्या आसपास आहे. तुमसरहून एस.टी.ने भंडाऱ्याला जाताना जेवढा रस्ता लागतो, त्याहूनही जास्त! दोरीवर मात्र ते भरतं फक्त ४ मिलिमीटर.

डोंगराखाली कवच जाड का? वैनगंगेत एक जाडजूड ओंडका आणि एक बारीक फळी टाकून बघा. ओंडका पाण्याच्या वरही जास्त दिसेल आणि पाण्याखालीही जास्त बुडेल. डोंगराचंही तसंच. डोंगर वर जितका जास्त उंच, खाली त्याचं मूळ तितकं जास्त खोल.

दुसरा थर प्रावरणाचा. तो कवचाखालून सुरू होऊन सुमारे २८९० किलोमीटर खोलीपर्यंत जातो. दोरीवर २९ सेंटिमीटरपर्यंत. पृथ्वीचा सगळ्यात मोठा वाटा याच थराचा.

तिसरा थर बाह्य गाभा. तो सुमारे ५१५० किलोमीटरपर्यंत, म्हणजे दोरीवर साडेएक्कावन्न सेंटिमीटरपर्यंत. यात मुख्यतः लोखंड आहे, थोडं निकेलही आहे.

आणि शेवटी आंतर गाभा. तोही लोखंडाचाच, थेट दोरीच्या टोकापर्यंत. तिथली उष्णता पाच हजार अंशांहून जास्त!

आता सांगा, यातला उकळता रस कुठला? मुलं एका सुरात म्हणाली, "कवचाखालचा!"

नाही! तिथेच तर बाई चुकल्या होत्या.

कवचाखाली रस नाही, खडक आहे

कवचाच्या खालचं प्रावरण द्रव नाही. ते घट्ट खडकाचं आहे. गरम आहे, खूपच गरम आहे, पण घट्ट आहे. खरोखर वितळलेला, द्रव असा थर एकच, बाह्य गाभा. आणि तो सुरू होतो २८९० किलोमीटर खाली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जवळजवळ जेवढं अंतर, तेवढं खाली!

मग तुम्ही विचाराल, एवढं गरम असून खडक वितळत कसा नाही?

स्वयंपाकघरात चला. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. पण कुकरमध्ये वाफेचा दाब असतो, म्हणून तिथे पाणी १२० अंशांच्या जवळ गेल्यावर उकळतं. दाब वाढला की उकळायला जास्त उष्णता लागते. खडकाच्या वितळण्याचंही तसंच आहे. खोल खाली वरच्या सगळ्या खडकांचा प्रचंड दाब असतो. तो दाब गरम खडकाला वितळू देत नाही.

पण हा खडक अगदी निश्चलही नाही बरं का! गुळाची ढेप बघा. हातोडी मारली तर तुकडा उडतो, म्हणजे ती घट्ट आहे. तीच ढेप उन्हाळाभर उबेत पडून राहिली तर हळूहळू बसकी होते. प्रावरणाचा खडकही असाच, वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या संथपणे सरकतो.

"मग ज्वालामुखीतून लाव्हा कुठून येतो?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला. छान प्रश्न! काही ठिकाणी गरम खडक वर सरकतो आणि त्याच्यावरचा दाब कमी होतो. मग त्याचा थोडासा भाग वितळतो. काही ठिकाणी खडकात पाणी शिरल्यामुळेही तो लवकर वितळतो. असा रस जागोजागी तयार होतो. कवचाखाली त्याचा समुद्र भरलेला नाही.

असाच लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रात थरावर थर पसरला. नागपूरच्या आसपासपासून सह्याद्रीपर्यंत जो काळा दगड दिसतो, तो तोच. कोयनेच्या भागात भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक खोल भोक पाडलं. २०१७ साली ते ३ किलोमीटरपर्यंत पोचलं. वरचे सुमारे सव्वा किलोमीटर काळा दगडच लागला. आणि त्याच्याखाली? रस नव्हे, तर त्याहून कितीतरी जुना, कठीण खडक.

आत न जाता कसं कळलं?

आता खरी गंमत. आजवर माणूस किती खोल पोचला?

दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग या सोन्याच्या खाणीत माणसं सुमारे ४ किलोमीटर खाली उतरतात. तिथे खडकच ६० अंशांच्या वर तापलेला असतो, म्हणून गारव्यासाठी वरून बर्फ पाठवावा लागतो. आपल्या देशात कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण ३ किलोमीटरहून खोल होती. ती २००१ साली बंद झाली.

सगळ्यात खोल भोक रशियात कोला नावाच्या ठिकाणी पाडलं गेलं. काम १९७० साली सुरू झालं. १९८९ साली ते १२,२६२ मीटरपर्यंत गेलं. रुंदी मात्र वीतभरच! तळाशी १०० अंश उष्णता असेल असा अंदाज होता, निघाली १८० अंश. पुढे खोदणं जमेना. आपल्या दोरीवर हे भोक केवढं? सव्वा मिलिमीटर! पृथ्वीच्या मध्यापर्यंत ५२० पावलं चालायची असतील, तर माणसाने एक पाऊल टाकलं आहे.

मग पुढच्या ५१९ पावलांची माहिती कुठून मिळाली?

बाजारात आई माठ घेते तेव्हा काय करते? बोटाने टिचकी मारते आणि आवाज ऐकते. टरबूजवाला टरबुजावर थाप मारून सांगतो की आतून लाल निघेल. न फोडता आतलं कळतं ते आवाजावरून. पृथ्वीवर टिचकी कोण मारणार? भूकंप!

भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून सगळीकडे जातात, आणि दूरदूरची यंत्रं त्या टिपून घेतात. आपल्या देशाच्या भूवैज्ञानिक खात्यात रिचर्ड ओल्डहॅम नावाचे शास्त्रज्ञ होते. आसामात १८९७ साली फार मोठा भूकंप झाला. त्याच्या नोंदी तपासताना त्यांनी वेगवेगळ्या जातींच्या लहरी ओळखल्या. पहिली लहर पुढेमागे ढकलत जाते, ती वेगवान. दुसरी दोरी हलवल्यासारखी आडवी हेलकावत जाते, ती हळू. या दुसऱ्या लहरीचा एक स्वभाव आहे : ती घट्ट पदार्थातून जाते, द्रवातून जात नाही.

आलं लक्षात? ही दुसरी लहर कवचातून जाते, प्रावरणातूनही बिनधास्त जाते, आणि २८९० किलोमीटरवर बाह्य गाभा आला की अडते. म्हणजे तिथवर सगळं घट्ट, तिथून पुढे द्रव. माझ्या लाल खडूला खोटं पाडणारा साक्षीदार हाच!

कवचाची जाडीही अशीच मोजली गेली. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी युरोपात, आजच्या क्रोएशियात, भूकंप झाला. आंद्रिया मोहोरोविचिच हे शास्त्रज्ञ नोंदी बघत होते. त्यांना दिसलं की दूरच्या ठिकाणी एकाच जातीच्या लहरी दोनदा पोचल्या आहेत. असं कसं? समजा, दोन भाऊ एकाच वेळी नागपूरला निघाले. एक जवळच्या पण खड्ड्यांच्या रस्त्याने गेला, दुसरा वळसा घेऊन हायवेने. लांब जायचं असेल तर हायवेवालाच आधी पोचतो! काही लहरी वरच्या कवचातून गेल्या, आणि काही खाली उतरून अशा खडकातून गेल्या जिथे वेग जास्त मिळतो. जिथे हा हायवे सुरू होतो, तिथे कवच संपलं. या सीमेला आजही त्यांचंच नाव आहे, पण लाडाने सगळे तिला 'मोहो' म्हणतात.

आणि सगळ्यात आतला गाभा पुन्हा घट्ट आहे. असा वेगळा आंतर गाभा आहे, हे १९३६ साली इंगे लेहमान या डेन्मार्कच्या बाईंनी भूकंपाच्या नोंदींवरूनच शोधून काढलं.

तुमसरचा दगड कुठून आला?

माणूस खोल जाऊ शकत नाही, पण खोलातली वस्तू आपल्याला भेटायला वर आली तर? आमच्या तुमसर तालुक्यात तसंच झालं आहे.

आमच्याकडे मॅंगनीजच्या खाणी आहेत. चिखल्याला जमिनीखालची खाण आहे, डोंगरी बुजुर्गला उघडी खाण आहे. डोंगरीचं मॅंगनीज टॉर्चच्या सेलमध्ये वापरतात. (म्हणून लगेच सेल फोडून बघू नका हं!) शिवाय पोलाद मजबूत करायलाही मॅंगनीज लागतं.

हे दगड मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ होते. हो, समुद्राच्या! मग त्यांच्यावर आणखी थर चढले आणि तो गाळ कवचात कित्येक किलोमीटर खोल गेला. तिथल्या उष्णतेने भाजला, दाबाने चेपला, चादरीसारखा दुमडला. ही भाजणी सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीची. पुढे ऊन, वारा आणि पावसाने वरचे डोंगर झिजत गेले आणि खालचे दगड उघडे पडले. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौसर गावावरून या खडकांना 'सौसर गट' म्हणतात.

याच खडकांचा अभ्यास लुईस फर्मोर यांनी केला. तेही भूवैज्ञानिक खात्यातलेच. आपल्या देशातल्या मॅंगनीजवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०९ सालीच प्रसिद्ध झाला. म्हणजे तिकडे मोहोरोविचिच कवचाचा तळ शोधत होते, तेव्हाच इकडे आपल्या कवचाचे दगड तपासले जात होते. मॅंगनीजसोबत सापडणाऱ्या एका खडकाला फर्मोर यांनी 'गोंडाइट' नाव दिलं, इथल्या गोंड लोकांवरून. आज जगात कुठेही तसा खडक सापडला, तरी शास्त्रज्ञ तेच नाव घेतात. आपल्या जंगलातल्या माणसांचं नाव जगभरच्या पुस्तकांत!

केसाएवढी खाण

सगळं सांगून झालं, तरी त्या मुलीचा चेहरा काही खुलला नव्हता. मी तिला दोरीजवळ बोलावलं. "आता बाबांची खाण या दोरीवर दाखवूया," मी म्हटलं.

आमच्या शेजारी बालाघाटला मॅंगनीजची खूप खोल खाण आहे. तीसुद्धा साधारण ४०० मीटर खोल. दोरीवर एक मिलिमीटर म्हणजे १० किलोमीटर, मग ४०० मीटर किती? तिने मापपट्टी लावून बघितली. खूण करता येईना! शेवटी मी तिच्याच वेणीतला एक सुटा केस घेतला आणि दोरीच्या टोकाला आडवा धरला. "या केसाच्या जाडीपेक्षाही कमी."

ती बराच वेळ त्या केसाकडे बघत राहिली. मग कवचाच्या ४ मिलिमीटरच्या खुणेवर बोट ठेवलं. मग २९ सेंटिमीटरवरच्या खुणेवर. "रस इथं आहे?" तिने विचारलं. "हो, इथं." "मंग थो लय दूर आहे, बाई."

पुढच्या शनिवारी तिचे बाबा शाळेत आले. मुलांनी त्यांना गराडा घातला. "काका, खाली आग असते का?" ते हसून म्हणाले, "आग कुठची, बाबू? खाली पाणीच पाणी. पंप चालूच ठेवा लागते." खाण म्हणजे खेळ नाही, हेही त्यांनी सांगितलं. छताचा दगड सैल तर नाही ना हे आधी बघतात, टोपी आणि दिवा असल्याशिवाय खाली पाय ठेवत नाहीत. भीती कशाची धरायची आणि कशाची नाही, हे ज्याला माहीत असतं तोच नीट काम करू शकतो, असं ते म्हणाले. जाताना त्यांनी मॅंगनीजचा एक काळा, जडशीळ दगड दिला. तो आजही वर्गाच्या खिडकीत आहे.

आणि गमबूट? ते मुलीने स्वतःच ढोलीमागून काढून, पुसून, दारात ठेवले.

आता राहिलं अंडं! प्रमाणात बघितलं तर पृथ्वीचं कवच टरफलापेक्षाही पातळ आहे, ते मी बरोबर सांगितलं होतं. पण आतलं अंडं कच्चं नाही. पांढरा भाग चांगला घट्ट झालेला, बलक थोडा पातळ राहिलेला, आणि बलकाच्या अगदी मध्ये पुन्हा घट्ट गोळी. असं अंडं कोणाच्या घरी उकडत नसेल, पण पृथ्वीने उकडलं आहे!

आई-बाबांनाही एक सांगायचं आहे. मुलं शाळेत ऐकलेलं सगळं बोलून दाखवत नाहीत. कधी ते ढोलीमागे लपवून ठेवतात. एखादं मूल उगाच हट्ट करतंय असं वाटलं, तर रागावण्याआधी त्याला विचारा, शाळेत आज काय शिकवलं? आणि आम्हा शिक्षकांना येऊन सांगा. त्या आई आल्या नसत्या, तर माझं चित्र लालच राहिलं असतं.

करून पाहा

६४ सेंटिमीटरची जाड दोरी घ्या. वरच्या टोकापासून ४ मिलिमीटर, २९ सेंटिमीटर आणि साडेएक्कावन्न सेंटिमीटरवर खुणा करा. चारही थरांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून बांधा. मग घरातल्या मोठ्यांना विचारा, "माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक कुठपर्यंत गेलं असेल?" कोण कुठे बोट ठेवतं ते बघा. मज्जा येईल!

सांगा पाहू

१. हिमालय-तिबेटखालचं ७० किलोमीटरचं कवच दोरीवर किती मिलिमीटर भरेल?

२. कोलाएवढं खोल भोक समुद्राच्या तळाला पाडलं असतं, तर ते कवचापलीकडे गेलं असतं का? (वर दिलेली समुद्राखालची जाडी पुन्हा वाचा.)

३. सेल, पोलाद यांखेरीज खाणीतून आलेली कोणती वस्तू आत्ता तुमच्या दप्तरात आहे?

उत्तरं वहीत लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या बाई,
तुमसर